हॉलंडऐवजी हंगेरी

माझ्या बायकोच्या मामांइतका युरोपवर जीव टाकणारा माणूस लालबाग-परळमध्येच काय, खुद्द युरोपातही सापडायचा नाही. वास्तविक मामा युरोपला कधी गेले नाहीत. लाँचमध्ये बसून एकदा रेवसला गेले, तेवढाच त्यांचा समुद्रप्रवास, आणि तेवढ्यातही त्यांना बोट लागली. शिवाय सगळा युरोप त्यांना नकोच होता. त्यांचं प्रेम फक्त त्या देशांवर, ज्यांच्या झेंड्यावर लाल, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे आहेत. जर्मनी त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. स्वित्झर्लंडचं नाव निघालं, की "औषधाच्या दुकानाची पाटी आहे ती, झेंडा नव्हे" असं म्हणून ते विषय मिटवायचे. आमच्या ओळखीतलं कुणी युरोपची सहल करून आलं, की लोक विचारायचे, आयफेल टॉवर पाहिला का? मामा विचारायचे, "झेंडा सुलटा होता ना?"

ह्या वेडाचं मूळ गोदीत होतं. तरुणपणी मामा गोदीत कारकून म्हणून लागले. धक्क्याला कुठली बोट लागली हे बघून साहेबाला सांगायचं, हे त्यांचं पहिलं काम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हॉलंडची बोट फ्रान्सची म्हणून सांगितली. साहेब सगळ्या धक्क्यासमोर ओरडला, "आडवे पट्टे हॉलंड, उभे पट्टे फ्रान्स! एवढं कळत नाही?" दुसऱ्या कुणी राजीनामा दिला असता किंवा साहेबाचा राग धरला असता. मामांनी पट्टे धरले. पुढची सगळी नोकरी त्यांनी बोटींच्या शेपटावरच्या झेंड्यांकडे बघत केली आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांना गोदीतल्या सहकाऱ्यांच्या मुलांची नावं येत नव्हती, पण पॅराग्वेच्या झेंड्याला पुढून एक चिन्ह असतं आणि मागून दुसरं, हे ठाऊक होतं.

मामांनी लग्न केलं नाही. एक मुलगी बघायला गेले होते, पण तिथे चहा पिताना त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे बोट दाखवून "हा उलटा टांगलाय" असं मुलीच्या वडिलांना सांगितलं, असं म्हणतात. मामा हे नाकारतात. "उलटा नव्हता, आडवा होता," असं म्हणतात.

आमच्या लग्नाला मात्र मी स्वतः हजर होतो, त्यामुळे तो प्रसंग खात्रीने सांगू शकतो. दादरच्या हॉलमध्ये डेकोरेटरने स्टेजमागे कापड लावलं होतं. वर निळं, मध्ये पांढरं, खाली लाल. मंगलाष्टकं सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि अंतरपाट धरायला मामा हवे होते, तर मामा स्टेजमागे शिडीवर. "अहो, हॉलंड उलटं केलंत तुम्ही! हे युगोस्लाव्हिया झालं! तो देश फुटला, आणि तुम्ही त्याच्यापुढे लग्न लावताय?" डेकोरेटर म्हणाला, "साहेब, लग्न तर दादरलाच लागतंय ना?" पण मामा शिडीवरून उतरायला तयार होईनात. अखेर कापड उलटं करण्यात आलं आणि माझा संसार हॉलंडच्या छत्राखाली सुरू झाला.

मग दर रविवारी मामा आमच्याकडे जेवायला येऊ लागले आणि आमटीबरोबर मला इतिहास वाढू लागले. मी त्यांचा हक्काचा श्रोता, कारण जावयाला उठून जाता येत नाही. हॉलंडचा वरचा पट्टा पूर्वी नारिंगी होता आणि मग लाल झाला. रशियाचा झार जहाजं बांधायला शिकायला हॉलंडला गेला, त्याला तिथला झेंडा आवडला, म्हणून त्याने पट्ट्यांचा क्रम बदलून तोच घरी नेला. "उचलावं, पण क्रम बदलून. चोरीतसुद्धा सभ्यता हवी, जावई." फ्रान्सच्या झेंड्यात निळा आणि लाल हे पॅरिसचे रंग, मधला पांढरा राजाचा. "राजाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलंय. सुटला तर पळेल." सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, झेंड्यावर पूर्वी पांढरा हत्ती होता. एकदा कुणीतरी झेंडा उलटा लावला, हत्तीचे पाय आकाशात गेले आणि ते राजाने पाहिलं. लगेच हत्ती रद्द आणि पट्टे सुरू. असे पट्टे, की वरून लावा, खालून लावा, सारखेच. ही गोष्ट सांगताना मामा हत्ती होऊन दाखवायचे, त्यामुळे आमच्याकडे ती जेवण झाल्यावरच सांगायची असा नियम करावा लागला.

एकदा मी सहज विचारलं, "पण मामा, ह्या तीन रंगांचा खरा अर्थ काय?" मामांनी दाराकडे पाहिलं, जणू एखादा राजदूत ऐकत असावा, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुणी लाल म्हणजे रक्त म्हणतो, कुणी शौर्य म्हणतो, सयामवाले राष्ट्र म्हणतात. सगळं मागाहून चिकटवलेलं. मला विचाराल, तर लाल आणि निळा तेव्हा बाजारात मिळत असणार, आणि पांढरा म्हणजे रंगवायचा कंटाळा."

आता एक कबुली देतो. वीस-बावीस वर्षांत मी ह्यातलं फार तर निम्मं ऐकलं. उरलेल्या निम्म्याला मी "हं" म्हणत असे. ह्या "हं"चा पुढे मला चांगलाच पश्चात्ताप झाला.

झालं असं, की आमच्या इमारतीतले एक गृहस्थ ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव आहेत. त्यांच्याकडे पुढच्या रविवारी संध्याकाळी गुडघेदुखीवर व्याख्यान ठरलं होतं, पण वक्त्याचेच गुडघे धरले आणि त्याला जिना चढवेना. सचिव माझ्याकडे आले. मी मामांचं नाव सुचवलं. मामांना हे सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी मुद्दाम खुर्च्या मांडून ऐकणार होतं. मग म्हणाले, "चादरीएवढे झेंडे लागतील. मागच्या रांगेला दिसायला हवेत."

आठवडाभर मामा घराबाहेर पडले ते फक्त कापड आणायला. कापड त्यांनी एकट्यानेच निवडलं. छटा आम्हाला कळत नाहीत म्हणे. शिवायचं काम त्यांच्या शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे दिलं. रविवारी मी त्यांना टॅक्सीने घ्यायला गेलो, तेव्हा फिलोमिनाबाई दारात उभ्या होत्या. गठ्ठा माझ्या हातात देताना त्या माझ्याकडे अशा काही बघत होत्या, की ह्यांना काहीतरी सांगायचंय असं वाटलं. पण मामा खालून हाका मारत होते.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सुरुवात झकास केली. गोदी, साहेबाचं ओरडणं, सगळं आलं, लोक हसले. मग ते म्हणाले, "तर मंडळी, हे हॉलंड!" आणि आम्ही दोघांनी दोन टोकं धरून झेंडा उघडला. वर लाल, मध्ये पांढरा, आणि खाली हिरवा. चांगला गडद, ठसठशीत हिरवा. मी मनात म्हटलं, असेल. हॉलंडचा हिरवाही असेल. आपण नेमकं त्या रविवारी "हं" म्हटलं असेल.

दुसऱ्या रांगेत एक भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्या उठल्या. "अहो, ही हंगेरी आहे."

"हॉलंड आहे, बाई," मामा हसून म्हणाले. "खालचा पट्टा बघा. निळा."

"हिरवा आहे."

मामांनी त्यांची कीव केल्यासारखी मान हलवली आणि दुसरा झेंडा काढला. "हे रशिया!" पांढरा, हिरवा, लाल. "बल्गेरिया!" बाई म्हणाल्या. आता लोकांनाही चेव आला. तिसरा झेंडा उघडायच्या आतच मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "इटली!" आणि फ्रान्स उघडलं, ते खरोखरच इटली निघालं. टाळ्या पडल्या. गुडघेदुखीच्या व्याख्यानाला इतकी मजा आली नसती, असं एक आजोबा शेजारच्याला सांगत होते.

मामा माझ्याजवळ आले. माईकवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "जावई, खरं सांगा. हिरवा आहे?"

"हो, मामा."

"अगदी हिरवा?"

"बाटलीसारखा."

हातातलं टोक त्यांनी सोडलं नाही. कापडाकडे बघत राहिले. मग माईक तोंडाशी धरून म्हणाले, "मंडळी, हॉलंड आणायला निघालो होतो, हंगेरी घेऊन आलो. माफी असावी." आणि खुर्चीवर जाऊन बसले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मामांनी चहा घेतला नाही.

टॅक्सीत ते बाहेर बघत म्हणाले, "दोन वर्षं झाली. बसचा नंबर दुसऱ्याला विचारतो. पेपरचे फक्त मथळे वाचतो. वाटलं, म्हातारपणी रंग असेच मळत असतील." घरी पोचल्यावर मी बायकोला, म्हणजे नंदाला, सगळं सांगितलं. ती भडकली. मामा आणि भाची एकमेकांशी मालवणीत बोलतात, आणि भांडण असलं की जास्तच.

"दोन वर्सां तुमका दिसणा नाय, आणि तुमी माका सांगलास नाय?"

"तू घाबरतलंस म्हणान."

"मी घाबरतलंय, की तुमी?"

नंदाने फिलोमिनाबाईंना फोन लावला, तर त्यांचंही गाऱ्हाणं होतं. "मी बोलली ना त्यांना, अंकल हे ग्रीन हाय! ते बोलले, फिलोमिना, तू मशीन चालव, देश मी चालवतो."

दोन दिवसांत नंदाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे बसवलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. मामांनी डॉक्टरांना विचारलं, भिंग कुठल्या देशाचं घालणार? डॉक्टरांनी देशाचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "तीन पट्टे आहेत, पण क्रम वेगळा. चालेल." एवढा विनोद केला खरा, पण आत नेताना त्यांनी माझं मनगट असं काही धरलं होतं, की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून त्यांना आमच्या घरी आणलं आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत बसवलं. पहिली मागणी, झेंडे आणा. मी रशिया त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "जावई! डावीकडून रशिया, उजवीकडून बल्गेरिया!" आणि खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की डोळ्याला धक्का बसेल म्हणून मीच त्यांना दटावलं. मग त्यांनी आमच्या घराची तपासणी सुरू केली. पंख्यावर किती धूळ आहे, भिंतीचा पांढरा कसा पांढरा राहिलेला नाही, माझ्या शर्टाला कॉलरपाशी डाग आहे. "आणि तुमचे केस कधी पिकले हो?" मी म्हटलं, "मामा, दहा वर्षं झाली."

तेवढ्यात नंदा चहा घेऊन आली. "काय, दिसता मा?" असं विचारत तिने कप पुढे केला. मामांनी कप घेतला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"हयसर ये गो. उजेडात."

ती खिडकीपाशी गेली.

"कधीपास्ना गो तू ताईसारखी दिसाक लागलंस?"

ताई म्हणजे माझ्या सासूबाई, मामांची थोरली बहीण. मामांना गावाहून मुंबईला तिनेच आणलं होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या लग्नात ती नंदाच्या आताच्या वयाची होती. आम्हाला रोज बघून सवय झाली होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण मामांनी म्हटल्यावर मलाही दिसलं. तोच जिवणीशेजारचा खळगा, भुवई उचलायची तीच तऱ्हा.

"माका कोणीच सांगूक नाय," मामा म्हणाले.

नंदाने कप खिडकीत ठेवला. आपला चष्मा काढला, स्टूल ओढून ती त्यांच्या अगदी समोर बसली आणि म्हणाली, "बघा सावकाश. माका खंय जावचा नाय."