न धुतलेली पानं

नलूमावशीच्या भाचीच्या गावाहून, चँडलरहून, फोन आला तेव्हा मी नेहमीच्या सवयीने उचलल्या उचलल्या सांगून टाकलं, "सगळ्या जागच्या जागी आहेत, मावशी!" दर रविवारी सकाळी नलूमावशीचा फोन यायचा आणि तिचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल कधीच नसायचा, गोगलगायींबद्दल असायचा. पण त्या दिवशी पलीकडे तिची भाची होती. "ताई, मावशी गेली... काल दुपारी, झोपेतच." त्याला आता दीड महिना झाला. रविवारी फोन वाजला की अजून माझ्या तोंडात तेच वाक्य येतं.

नलूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. एक्क्याऐंशी साली मी नागपूरहून होनोलुलूला शिकायला आले, तेव्हा ती इथल्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. साडीवर पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि वर पुणेरी शिस्त! आमच्या लॅबमध्ये झाडावर राहणाऱ्या गोगलगायी होत्या. लहान सुपारीएवढ्या, कुणी मधासारखी पिवळी, कुणी तपकिरी पट्ट्यांची. गोगलगाय म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या माझ्यासारखीलाही भुरळ पडावी इतक्या देखण्या. बेटावरच्या एकेका डोंगराची गोगलगाय वेगळी, कारण हजारो वर्षं त्या आपापल्या रानात, आपापल्या झाडांवर घडत गेल्या. पुढे बागा खाणारी एक मोठी परदेशी गोगलगाय मारायला म्हणून कुणीतरी दुसरी मांसाहारी गोगलगाय बेटावर आणून सोडली आणि त्या बयेने ह्या गरीब बिचाऱ्यांचाच फडशा पाडला. एका डोंगराच्या धारेवरच्या शेवटच्या नऊ तेवढ्या आमच्या पेटीत उरल्या होत्या. वयात यायलाच त्यांना कित्येक वर्षं लागतात आणि पिल्लू होतं ते एका वेळी एकच. म्हणजे एक गेली की भरून यायला जन्म जातो.

पहिल्याच वर्षी मावशी भाचीच्या मुलीच्या बारशाला पंधरा दिवस चँडलरला गेली, प्राध्यापकही बाहेरगावी, आणि पेटी माझ्या ताब्यात आली. डोंगरावरून गोगलगायींसाठी ओहिया नावाच्या झाडाच्या डहाळ्या यायच्या. पानांवर ही काळी पुटं! आमच्या घरी मेथी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय पातेल्यात पडत नसे. मी प्रत्येक पान तीनदा धुतलं, पुसलं, लख्ख केलं आणि वर स्वतःवरच खूश झाले. दहाव्या दिवशी एक खाली पडलेली दिसली. मग दुसरी. तिसरी गेली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मावशी विमानतळावरून बॅग घेऊन तडक लॅबमध्ये आली. पेटीतलं एक पान उचलून तिने उजेडात धरलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पानं धुतलीस?"

"हो... तीन पाण्यांनी."

"अगं, त्या पान खात नाहीत गं! पानावरची बुरशी खातात. तू त्यांचं वाढलेलं ताटच घासून ठेवलंस."

मी सामान बांधून नागपूरला परत जायचं ठरवलं. प्राध्यापक परतल्यावर मावशीने माझं मनगट धरलं आणि मला त्यांच्यासमोर उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "चूक माझी आहे. हिला मी सांगायला हवं होतं." प्राध्यापक भयंकर संतापले, पण मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवर मावशीच्या हातची पाटी लागली: पानं धुऊ नयेत. मला वाटलं, काय मोठ्या मनाची बाई, माझ्यासाठी खोटं बोलली! आज मी जी काही आहे ती तिच्या त्या एका वाक्यामुळे, असं मी आठ वर्षं ज्याला त्याला सांगत आले.

पुढे ती रिटायर होऊन भाचीकडे गेली, मी इथेच नोकरीला लागले. सहाच्या सात, सातच्या आठ... एकेका पिल्लाची बातमी मी फोनवर द्यायचे आणि ती, "अगं बाई!" म्हणून साखर तोंडात टाकायची.

मागच्या आठवड्यात भाचीने मावशीची कुंकवाची चांदीची डबी पाठवली. "तुलाच द्यायला सांगितलं होतं," एवढीच चिठ्ठी. आत कापसावर रिकामे शंख होते. मला वाटलं, माझे तीन. मोजले तर सात! खाली घडी घातलेला कागद, त्यावर तिचं बारीक अक्षर: "तिच्या तीन. माझ्या चार, ती येण्याआधीच्या. मीही धुतली होती. कुणाला सांगायचं धाडस झालं नाही."

म्हणून तिला एका नजरेत कळलं होतं! म्हणजे प्राध्यापकांना ती सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. तिने वेळेवर सांगितलं असतं तर माझ्या तिघी वाचल्या असत्या. राग आला का? आला. चांगला दोन दिवस होता. पण प्राध्यापकांसमोर "चूक माझी" म्हणताना तिला काय यातना झाल्या असतील, ते मला आत्ता कळतंय. त्या एका वाक्यासाठी मी तिची आधीही ऋणी होते, आता जास्त आहे.

तिच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा अजून पेटीवर असतो. रोज सकाळी तो ओला करून बांधायचा, ही तिचीच पद्धत. आत आता अकरा जणी आहेत. सोमवारी पुण्याहून नवी विद्यार्थिनी आली. पाटी वाचून हसली, म्हणाली, "पानं कोण धुणार?"

मी डबी उघडून तिच्यासमोर ठेवली. "ह्या चार मावशीने," मी म्हटलं, "आणि ह्या तीन मी."