वाटीपुरता दम

खोकल्यावरून वेळ सांगता येईल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो तुळजापुरात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. जातीनं आणि धंद्यानं सोनार. सगळी आळी त्यांना आप्पा म्हणे. निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं होती आणि मी तिथं शाळामास्तर होतो. पहाटे पहिली बीडी ओढून आप्पा खोकले की आमची चूल पेटायची. देवीचे टाक घडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण ज्या दमावर ते काम चालतं तो बीडीनं खाऊन टाकला होता. डाख लावताना, म्हणजे सांधा जोडताना, फुंकणीतून एकसारखी फुंकर जावी लागते. ती मध्येच तुटायची, ज्योत हलायची आणि आप्पा आधी ज्योतीला, मग फुंकणीला आणि शेवटी मला शिव्या घालायचे. मी नुसता दारावरून चाललेला असायचो.

लेक लग्नाला आली, सोयरीक जुळली. मंगळसूत्रातली माहेरची वाटी स्वतःच्याच फुंकरीनं सांधायची असा हट्ट धरून आप्पांनी बीडी सोडली. "आत्ताच करून ठेवा की," मी म्हणालो. "मुहूर्त निघाल्याबिगर मंगळसूत्राला आग दावत न्हायती, मास्तर. शाळा शिकवता व्हय तुम्ही?" म्हणजे मुहूर्तापर्यंत दम कमवायचा. झालं उलटंच. खोकला दुप्पट झाला, काळा कफ पडू लागला. "एकदम सोडली म्हणून बाधली," असं म्हणत जो तो आपल्या खिशातली बीडी पुढं करी आणि आप्पा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. अडुळशाचा काढा पीत, गूळ चघळत, आणि रोज सकाळी चिमणी पेटवून ती कालच्यापेक्षा जरा लांबून फुंकून विझवत. दिवा फुंकून विझवू नये म्हणून त्यांची बायको रडकुंडीला यायची. हळूहळू कफ सुटला, जेवण वाढलं, नाकाला वास यायला लागला. हे शेवटचं आम्हाला महागात पडलं. "मास्तर, तुमची डाळ लागली बगा!" भिंतीपलीकडून आरोळी यायची आणि डाळ लागलेलीच असायची. माझ्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. दम वाचवायचा म्हणून आप्पांनी हसणंही सोडलं. भांडण हातवारे करून करत.

मग मुलूख पेटला. नवऱ्या मुलाची माणसं हद्द ओलांडून सोलापूरकडं पळाली. मुहूर्त काढणं लांबलं, पुन्हा लांबलं. आप्पांच्या पायांवर सूज चढली. डॉक्टर म्हणाले, इतकी जळलेली फुफ्फुसं पुरती भरून येत नाहीत. "पुरती कुणाला पायजेत? वाटीपुरती भरू द्या."

निजामाचं राज्य गेलं तेव्हा कुठं मुहूर्त निघाला. आप्पा फुंकणी घेऊन बसले. ज्योत हलली नाही. वाटी सांधली गेली आणि ते भिंतीला पाठ टेकून बसले, ओठ काळेनिळे पडलेले. मला रडू आवरलं नाही. मांडवात व्याह्यांनी कौतुकानं बीडी पुढं केली. "आता काय हरकत हाय, आप्पा?"

"न्हाय जी. नातवाचे वाळे करायचेत अजून."

पुढचा पावसाळा सरता सरता ते गेले. नातू त्यानंतर झाला. वाळे सोलापूरहून तयार आणले. घडणीला नावं ठेवायला जागा नव्हती. लेकीनं ते बाळाच्या पायात घातले आणि सांधा कुठं आहे ते बोटानं चाचपत राहिली.