फुकटच्या मांडवातली आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते, पण आपल्या पायांनी जात नाही. माहेरचं कुणीतरी गाडी घेऊन न्यायला यावं लागतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी नाही, तर माहेर नाही. हा कायदा कोणी केला ते विचारू नका. ज्यांनी केला त्यांना कधी उंबऱ्यात उभं राहून रस्त्याच्या धुळीकडे बघावं लागलं नाही, एवढं नक्की.

झुंबरबाई चार वर्षं बघत होती.

तिचं माहेर निंबखेडं, ओढ्याकाठचं गाव. सासर धुळ्याला, पांझरेपलीकडच्या नव्या वस्तीत. नवरा धनसिंग प्रेमचंदशेठच्या तेलगिरणीत हमाल. घरात सासू ताईबाईंचा शब्द शेवटचा. आई जिवंत होती तोवर भाऊ चुडामण दरसाल गाडी जुपून यायचा. आई गेली आणि गाडी बंद झाली. पहिल्या साली बैल लंगडत होता म्हणे, दुसऱ्या साली बायकोला बरं नव्हतं. पुढे कारण कळवायचीही गरज उरली नाही.

निंबखेड्यात आखाजीला पोरी लिंबाच्या झोक्यावर बसतात. मग ओढ्यावर जातात. पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या पोरी उभ्या असतात. या काठावरून त्या काठावर गाण्यातून शिव्या सुटतात. भावाला, बापाला, गावच्या पाटलाला, कुणालाच सोडत नाहीत. सासरी वर्षभर मिटलेली तोंडं त्या एका दिवशी उघडतात. झुंबर पुढे उभी राहिली की पलीकडच्या बाया म्हणायच्या, "ऊनी व माय, ऊनी ती!" ती आली, की शिव्यांना धार यायची. पण ही गाणी लेकीची. सुनेनं सासरी ती म्हणायची नाहीत.

त्या उन्हाळ्यात, अडुसष्ट साली, वस्तीतल्या कलामंडळानं तीन दिवसांचा कलामहोत्सव काढला. अध्यक्ष प्रेमचंदशेठ. मोकळ्या मैदानात मांडव, वर कर्णे, आणि मोठ्या अक्षरांत फलक: सर्वांना प्रवेश मोफत. शेवटचा दिवस नेमका आखाजीचा. शेठची बायको मोहनबाई हिच्या अंगणात झुंबरबाई शेंगा फोडायला जायची. तिथं तिला गुणगुणताना मोहनबाईंनी ऐकलं होतं. शेठ स्वतः दारात आले.

"ताईअक्का, तुमच्या सुनेला गाऊ द्या. आपल्या मातीची कला आहे. लोक फुकट ऐकतील, पुण्य लागेल."

झुंबरबाई आतून म्हणाली, "ती गाणी माहेरनी शेतस. आठे कशी म्हनू?"

शेठ गेल्यावर ताईबाई कडाडल्या. "शेठ दारशी ऊना आनि तू नही म्हनस? तुना धनीनी भाकर कोना घरनी शे?"

वर्षभर जिला तोंड उघडू दिलं नाही, तिला आता तोंड उघडायचा हुकूम झाला.

पहिल्या संध्याकाळी ती पदर कपाळापर्यंत ओढून मंचावर गेली. मंचावर कागदी फुलांचा झोका टांगला होता. सूत्रसंचालक हळूच म्हणाला, "बाई, त्यावर बसू नका हं. शोभेचा आहे." समोर माणसंच माणसं. पण पलीकडचा काठ नव्हता. शिवी फेकायची कुणाला? ती नुसती उभी राहिली. मैदान खोकायला लागलं. आणि मग तिला समजलं की या माणसांच्या मागे, रस्त्याच्या टोकाला, चार कोसांवर, निंबखेड्याचा काठ आहे. फक्त आता ती त्याच्या समोरच्या बाजूला उभी आहे.

"निंबखेडाना भाऊना बैलस्ले ऊना ताप,
गाडी जुपाले गया, तं जूमा निंघना साप!"

मैदान उसळलं. तिनं आपल्याच माहेराला पंधरा-वीस कडव्यांत धुऊन काढलं. भावाच्या मिशा, भावजयीची झोप, दाराला लागलेली वाळवी, सगळं आलं. निंबखेड्याची चार माणसं बाजाराला येऊन महोत्सवाला थांबली होती. ती माना खाली घालून निघाली आणि उजाडायच्या आत गाणं गावात पोचलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता दारात गाडी वाजली. झुंबरबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. चुडामण होता. डोळे लाल.

"लाज वाटनी नही तुले? विहिरवर बाया इचारतस, बैलस्ना ताप उतरना का?"

"उतरना ना? म्हनीसन तं ऊनात ते." ती हसली, आणि हसतानाच डोळ्याला पदर लावला. "भांडाले का व्हयना, तू ऊना. आते मी लुगडं घेस नि निंघस."

राग ओसरला की माणूस उघडा पडतो, तसा चुडामण अंगणात उघडा पडला. तेवढ्यात रस्त्यावरून टांगा गेला, त्यावर कर्णा: "लोकाग्रहास्तव, आखाजीच्या संध्याकाळी पुन्हा एकदा झुंबरबाई!"

ताईबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "कोठे निंघनी? नाव पुकारं गयं तुनं."

झुंबरबाईनं भावाकडे पाहिलं. भाऊ कर्ण्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, वेगळंच काही होतं. "एवढं नाव व्हयनं व तुनं," तो म्हणाला. "ऱ्हा तू. आखाजीले मी बठ्ठं गाव लई येस ऐकाले." आणि गाडी वळवून गेला.

गाणं गायलं म्हणून मुराळी आला, आणि गाणं गायलं म्हणूनच रिकामा परत गेला. शेठ खूश, सासू खूश, नवऱ्याला गिरणीत लोक बिडी देतात. सगळ्यांचं भलं झालं. आता हिला दरसाल आखाजीला मंचावर बोलवायचं, असंही मंडळानं ठरवून टाकलं. दरसाल!

आखाजीच्या संध्याकाळी निंबखेड्याच्या गाड्या मैदानाच्या कडेला सुटल्या. पुढच्या रांगेत चुडामण, भावजय, झोक्यावरच्या सगळ्या मैत्रिणी. म्हणजे तिकडे लिंबाखाली आज कुणीच नव्हतं.

झुंबरबाईनं शिव्यांचं गाणं म्हटलं नाही. वाट बघणाऱ्या लेकीचं म्हटलं.

"धूय उडनी वाटवर, गाडी कोनी ऊनी व माय..."

पुढच्या ओळीत भाऊ येतो. ती ओळ तिनं म्हटलीच नाही. माईकला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "भाऊ, गाडी जुप. माले घर लई चाल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हेही गाण्यातलंच. शेठनीही वाजवल्या. चुडामणनंसुद्धा.

ती टाळ्या संपेपर्यंत थांबली नाही. मंचाची फळी उतरली, माणसांतून वाट काढली, आणि भावाच्या गाडीत चढून बसली. बैल सोडलेले होते, दांड्या जमिनीला टेकलेल्या, गाडी पुढे कललेली. ती उतारावर पाय रोवून बसली. कर्ण्यातून तिचं नाव आलं. पुन्हा आलं. ताईबाई येऊन गाडीच्या चाकाशी उभ्या राहिल्या. "उतर. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू द्या," झुंबरबाई म्हणाली. "आज फुकट शे."

लोक खरंच बघत होते. मान वळवून. टाळी कुठेच नव्हती. चुडामण उठला. कुणाकडेही न बघता त्यानं बैल आणले, जू खांद्यांवर टाकलं.

"सरक मांगे," तो बहिणीला म्हणाला. "वजन पुढे पडी ऱ्हायनं."

ती मागे सरकली.