मागल्या जन्मीची बाई

पाटलाने माझ्या कमरेला बांधलेली कापसाची ओटी वीस बायांच्या देखत ओढली. गाठ सुटेना, तेव्हा विळा मागवला आणि कापली. सकाळपासून वेचलेला कापूस माझ्या पायांवर सांडला. मग त्याने माझं धोतर फेडलं.

"पाहा वो बायांनो," तो म्हणाला, "हा कोन हाय ते नीट पाहून घ्या."

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझा बाप दहा पावलांवर बैलाची वेसण धरून उभा होता. तो बैलाकडे पाहत राहिला.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. जन्मले तेव्हा सुईणीने पोरगा झाला म्हणून सांगितलं. नाव मुलाचं ठेवलं, कपडा मुलाचा दिला. आत मी पोरगी होते. हे तुला कधी कळलं, असं मला लोक विचारतात. तुम्हाला तुमचं कधी कळलं?

त्या सालांत कापसाला सोन्याचा भाव होता. साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्याकडे अमरावतीच्या आसपास पाटलांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. बाप त्या पाटलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी. वेचणी हे बायांचं काम. गडी माणूस वेचणीला बसला तर गाव त्याला मरेपर्यंत चिडवतं. पण त्या साली शेतं पांढरीफटक फुटली आणि वेचायला बाया पुरेनात. तेव्हा पाटलानेच मला ओटी बांधून तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, उभं केलं. माझा हात कोणत्याही बाईपेक्षा जलद चालायचा. पाटलाला हात पाहिजे होते, तोवर त्याला माझी लाज वाटली नाही.

वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही असते. बाया चांगलं फुटलेलं झाड बघून त्याची पूजा करतात, दहीभात शेतात शिंपडतात, एकमेकींना कुंकू लावतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. तिथे गडी माणूस पाय ठेवत नाही. मी बांधावर उभी होते. कौतिका नावाची म्हातारी वेचणारीण होती. तिने मला हाक मारली.

"तिकडं काहून उभी हायेस? ये न वो इकडं."

तिने माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि दहीभाताचं भांडं माझ्या हातात दिलं. मी शिंपडलं. आठ दिवस मी हवेत होते.

नवव्या दिवशी अवकाळी पाऊस आला. फुटलेली बोंडं भिजली, काळी पडली. तो पाऊस साऱ्या मुलखावर पडला होता. मोठमोठ्यांचा कापूस नासला. पण आमच्या पाटलाला त्याचा गुन्हेगार सापडला. कोणीतरी कुंकवाचं सांगितलं होतं. पाऊस उघडल्यावर आम्ही उरलंसुरलं वेचायला उतरलो, त्याच दिवशी त्याने विळा मागवला.

दुसऱ्या दिवशी बापाने मला गाडीला बांधून अमरावतीला नेलं. पाटील पुढे घोड्यावर. तिथे एक जोशी होता, पाटलांच्या घरची कार्यं करणारा. कोणत्या पापाने कोणतं व्यंग येतं, हे सांगणारी पोथी त्याच्याकडे होती. पोथी उघडून त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं,

"हा मागच्या जन्मी बाई होता. नवऱ्याशी बेइमान झालेली बाई. देवानं दया करून या खेपेला पुरुषाचा देह दिला, तर यानं तोही नासवला."

बापाने कपाळावर हात मारून घेतला. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी बाई होते! एका म्हाताऱ्या वेचणारणीनंतर आता पोथीही तेच म्हणत होती. पुढचं पाप, नरक, प्रायश्चित्त माझ्या कानावरून गेलं. मी तेवढाच एक शब्द धरून बसले.

प्रायश्चित्त असं ठरलं. डोकं भादरायचं. फाटकं लुगडं नेसवून तीन दिवस देवळाच्या पायऱ्यांवर बसवायचं. तिसऱ्या दिवशी लुगडं जाळायचं, आंघोळ घालायची, धोतर नेसवायचं आणि संकल्प सोडायचा. मग पाटील बापाची चाकरी ठेवणार होता आणि मला घरात घेणार होते.

जन्मात पहिल्यांदा मी लुगडं नेसले, ते असं.

देवळासमोरूनच कापसाच्या गाड्या बाजारात जायच्या. रांग अडली की गाडीवानांना करमणूक हवी असायची. "काय वो नवरी, कोन्या जन्माची?" असं म्हणत ते पानाची पिंक टाकायचे. पोरं खडे मारायची. एका चांगल्या घरच्या बाईने शेणाचं पाणी माझ्या भादरलेल्या डोक्यावर ओतलं आणि देवाला नमस्कार करून निघून गेली. बाप समोरच्या झाडाखाली बसून भाकर खायचा. मला पाणी सांजेला एकदाच मिळायचं. तरी सांगते, त्या फाटक्या लुगड्यात मला अंग चोरून बसावं लागलं नाही.

तिन्हीसांजेला जोशी आत पुराण सांगायचा. पायरीवर सगळं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी तो सांगत होता की आत्मा बाई नाही, आत्मा बुवा नाही. देह म्हणजे कपडा. जुना झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. आतली माणसं माना डोलवत होती. त्यांतले निम्मे जाता-येता माझ्यावर थुंकून गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी माय आली. गावाहून चालत आली होती, पाय धुळीने भरलेले. पाटील आला, जोशी आला, बघे तर होतेच. जोशाने लांबूनच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

"म्हण. मागल्या जन्मीची बाई मी टाकली. पुढल्या प्रत्येक जन्मी मला पुरुषच कर."

मी ओंजळ तशीच धरून ठेवली.

"म्हन आन घरी चाल," बाप म्हणाला. "नाई म्हनलं त तू मेला समजीन."

माय पुढे सरकली. तिचे ओठ सुकले होते. "म्हन न माह्या राजा. दोन शब्दाचा त खेळ हाय. मी तुह्याबिगर कशी राहू?"

मला घर पाहिजे होतं. माय पाहिजे होती. मी तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"महाराज, काल पुरानात तुमीच सांगतलं, आत्म्याले ना बाई ना बुवा. मंग मी टाकू कोनाले?"

जोशी शांतपणे म्हणाला, "शूद्रानं पुराण ऐकावं. अर्थ काढू नये."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. गोष्ट जन्माची नव्हतीच. पाटलाचा कापूस भिजला होता, त्याला पापी पाहिजे होता. जोशाला पाटील पाहिजे होता. पोथी ज्याच्या हातात, जन्म त्याच्या मुठीत! आणि मी मूर्ख, त्याच पोथीने मला बाई म्हटलं म्हणून तीन दिवस मनात नाचत होते. माझी मलाच लाज वाटली. वीस बायांसमोर उघडी पडल्याची, थुंकी झेलल्याची वाटली नव्हती तेवढी वाटली. मी बाई आहे ती मागे कोणी होते म्हणून नाही. मी आहे, म्हणून आहे.

मी ओंजळ उघडली. पाणी पायरीवर सांडलं.

"नाई म्हनत."

पाटलाने नुसती मान हलवली. बाप बैलाचा चाबूक घेऊन आला. त्याने मला बैलाला मारलं नसेल तसं मारलं. पाठ फुटली. उजव्या हाताचं एक बोट मोडलं, ते आजही वाकडं आहे. वेचणीचा हात गेला. जोशी वरच्या पायरीवरून म्हणाला, "पुढल्या जन्मी किडा होशील."

"होईन," मी म्हणाले. "तुमच्या पोथीले लागीन."

लुगडं मी फेडू दिलं नाही. दातांनी धरून ठेवलं. शेवटी थकून त्यांनी सोडलं. माय गाडीमागे चालू लागली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तिचं तोंड मला पुन्हा दिसलं नाही.

बडनेऱ्याकडे आगगाडीसाठी मातीचा भराव पडत होता. त्याच्या कडेकडेने मी अकोल्याला आले. रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, काम मिळालं. पहिल्या वर्षी तिथल्या बायांनी माझं मडकं वेगळं ठेवलं. मग नाही ठेवलं. त्यांनी दया केली नाही, सवय केली. मला तेवढं पुरलं.

आता म्हातारी झाले. आता लोक थुंकत नाहीत, गोड बोलतात. "असू दे वो, मागल्या जन्माचं राहिलं असन. पुढल्या जन्मी देव तुले बराबर शरीर देईन." मी त्यांना तोंडावर सांगते, माझी कीव करायला आलात तर उठा. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुरुस्त व्हायचं आहे ते त्या पायऱ्यांवर अजून बसलेलं आहे.

रेच्यावरच्या बायांना मी बजावून ठेवलं आहे. मी मेले की आंघोळ तुम्ही घाला, गड्याचा हात लागू देऊ नका. हिरवं लुगडं नेसवा. आणि कोणी पुढल्या जन्मासाठी मंत्र म्हणायला आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच हाकला. मी इथे चुकून आले नव्हते.