दोनशे डाव्या बाह्या

माझी थोरली जाऊ शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते. एकोणीस वर्षं झाली. जिभेमुळे आणि कामामुळे तिला तिथे सगळे 'कात्री' म्हणतात, आणि तिला ते आवडतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलगी सासरी गेल्यावर, तिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. तिला समाजशास्त्र हवं होतं, पण तो वर्ग भरलेला होता. "तत्त्वज्ञान रिकामं आहे," खिडकीतला कारकून म्हणाला, "सहा जण आहेत. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र." जाऊबाई म्हणाल्या, "घाला. सातवी मी."

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी, वयाने तिच्या मुलीएवढ्या असतील, फळ्यावर लिहिलं : कोणी सांगितलं म्हणून काहीही मान्य करू नका. जाऊबाईंनी हात वर केला. "मग हे तरी का मान्य करायचं?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं आणि माझं जमणार." त्यांचं जमलं. आमचं मात्र घरात अवघड होऊन बसलं.

त्याआधी आमचं घर चारचौघांसारखं होतं. कोणीही काहीही बोलावं, दुसऱ्याने हुं म्हणावं. आता प्रत्येक वाक्याची झडती सुरू झाली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, एकदा चहा पिताना म्हणाले, "तू कॉलेजात जायला लागलीस तेव्हापासून माझी कंबर धरते."

"अहो, मी जायला लागल्यापासून शेजारच्यांची मांजरही व्यायली," ती म्हणाली. "त्यातही माझाच हात?"

सासूबाईंनी एकदा बजावलं, "आमच्या घरात बायका संध्याकाळी बाहेर राहत नसत." त्यावर ही अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, तुमच्या घरात आधी नळही नव्हता. तो आला तेव्हा नाही का कोणी अडवला?" सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण दोन दिवसांनी त्याच माझ्या कानाशी लागल्या. "तिच्या त्या पुस्तकात शेजारणीला गप्प करायचं काही आहे का गं?"

मी बी.ए. झालेली. तेव्हा तिची उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. भाजी निवडता निवडता मी विचारायची, ती सांगायची. आधारविधानं खरी असून निष्कर्ष खोटा निघू शकत असेल, तर युक्तिवाद फसला. माणसाचं म्हणणं सोडून माणसालाच झोडपलं, तर तो तर्कदोष. एकामागून दुसरं घडलं एवढ्यावरून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं म्हटलं, तर तोही तर्कदोष. तिला ते इतकं चढलं होतं की कारखान्यातही कुठे कोरी जागा दिसली की ती पेन्सिलीने 'जर' आणि 'तर' लिहीत बसायची.

परीक्षेच्या फॉर्मवर सही करायचा शेवटचा दिवस होता आणि ही फॉर्म घरीच विसरून गेली होती. दुपारी मी तो घेऊन कारखान्यात गेले. लांबलचक खोली, मधोमध वीस हातांचं कापायचं टेबल, पलीकडे शिवणाच्या मशिनींची रांग. एरवी कानठळ्या बसतात. त्या दिवशी एकही मशीन चालू नव्हतं.

टेबलावर बाह्यांचे गठ्ठे पडले होते. निळ्या, एका बाजूने चकाकी असलेल्या कापडाच्या. मालक एक बाही उचलत, बघत, टाकत होते. दुसरी उचलत, बघत, टाकत होते. "डावी. ही पण डावी. ही पण डावीच! शंभर शर्ट, दोनशे बाह्या, आणि एक म्हणून उजवी नाही. शाळेतली सगळी पोरं डाव्याच हाताची आहेत का?"

शिवणाऱ्या बायकांपैकी कोणी तरी फिस्कन हसलं. मालकांनी वळून पाहिलं तेव्हा सगळ्या सुईत दोरा ओवत होत्या.

टेबलाच्या टोकाला कारखान्यातले सगळ्यांचे काका उभे होते. कापडाचे थर एकावर एक मांडायचं काम त्यांचं. सगळे थर एकतोंडी मांडले, म्हणजे चकाकीची बाजू सगळीकडे वरच ठेवली, तर साचा एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवून आखावं लागतं. थर तोंडाला तोंड लावून मांडले, तर साचा एकाच बाजूने ठेवला तरी डावी-उजवी जोडीनेच निघते.

"काकांनी घोळ घातला," मालक म्हणाले. "तोंडाला तोंड लावायचे थर यांनी एकतोंडी टाकले. गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता हे. आजवर असं कधी झालं होतं? काका, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारपासून तुम्ही घरी आराम करा."

काकांचा चेहरा पडला. घरी त्यांचं कोणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डबासुद्धा ते इथे चौघांत बसून खाता यावा म्हणूनच आणत. ते एवढंच म्हणाले, "मी सांगितलं तसेच टाकले."

मी फॉर्म पुढे केला. जाऊबाईंनी तो न बघता बाजूला सारला आणि पदर खोचला. मला ती लक्षणं ओळखीची होती.

"मालक, एक मिनिट. ऑपरेशन आधी झालं, चूक नंतर झाली. म्हणून ऑपरेशनमुळे चूक झाली? या महिन्यात तुम्ही नवा चष्मा घेतलात. त्याच्यामुळे झाली असंही म्हणता येईल."

"माझ्या चष्म्याचा काय संबंध?"

"तेच म्हणतेय मी. तसाच त्यांच्या डोळ्याचाही नाही. निदान तुम्ही दाखवला नाहीत." आता तिला रंग चढला होता. "आपण पायरी पायरीने जाऊ. थर टाकायच्या आधी काकांना चिठ्ठी मिळते. चिठ्ठीत तोंडाला तोंड लिहिलं असेल, तर काका चुकले. एकतोंडी लिहिलं असेल, तर काका बरोबर. काका, चिठ्ठी आहे?"

काकांनी सदऱ्याच्या खिशातून घडी काढली. ते चिठ्ठ्या महिनाभर फेकत नाहीत. तिने ती उलगडून सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "एकतोंडी! आणि अक्षर माझंच आहे. कापडाची चकाकी एका दिशेला हवी होती, म्हणून मीच तसं लिहिलं होतं. चिठ्ठीत एकतोंडी, थर एकतोंडी. काका सुटले!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी कपाळ पुसलं. जाऊबाई भाषण संपवायच्या तयारीत नव्हत्या. "आता उरलं काय? चूक थरांत नाही, म्हणजे चूक आखणीत. उघड आहे. साचा उलटा ठेवायचा राहून गेला."

"आखणी कुणाची?" इस्त्रीवाल्या बाईने अगदी सहज विचारलं.

सगळ्यांच्या माना जाऊबाईंकडे वळल्या. एकोणीस वर्षं त्या टेबलावर आखणी एकाच बाईची असते. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. निष्कर्ष तिच्या आधी तिच्या तोंडाने काढला होता.

आखणीचा लांब कागद टेबलाखाली गुंडाळून ठेवलेला असतो. तो ओढून काढायला कोणी सांगितलं नव्हतं. "राहू दे," असं पुटपुटत मालकच मागे सरकले होते. कापायची बाई हातची गेली तर शंभर शर्ट कोण उभे करणार, हे त्यांनाही कळत होतं. पण तिने वाकून तो काढला आणि पसरला. सगळ्या बाह्या एकाच तोंडाच्या, एकापाठोपाठ एक, शिस्तीत. आणि दोन बाह्यांच्या मधल्या जागेत, पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात : जर पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. पुढे लिहिलं होतं : चूक! कोणी तरी पाणीही ओतलं असेल.

मालकांनी ते दोनदा वाचलं.

"काका," जाऊबाई म्हणाल्या, आणि तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. "मी एक आधारविधान धरून चालले होते. ते कागदावर लिहिलं नाही, म्हणून तपासलंही नाही."

"कोणतं?"

"मी चुकत नाही, हे."

मग ती मालकांकडे वळली. "सोमवारपासून मी येऊ नको ना?"

"असं कोण म्हणालं? तुम्ही जुन्या आहात, एखाद्या वेळी होतं—"

"काका माझ्याहून जुने आहेत. त्यांचं एखाद्या वेळी झालं तर आराम, आणि माझं झालं तर—"

मी तिला कोपराने ढोसलं. "ताई, गप्प बसा हो! स्वतःची नोकरी घालवायला युक्तिवाद करताय?"

"पण युक्तिवाद बरोबर आहे गं!"

"बाई," मालक हात जोडून म्हणाले, "मी कुणालाच घरी बसवत नाही. काका राहतील, तुम्हीही राहा. फक्त आता उजव्या बाह्या कापा, आणि कापेपर्यंत एक शब्द बोलू नका."

तिने फॉर्मवर सही केली, तीही चुकीच्या रकान्यात, आणि मला ती खोडून पुन्हा योग्य जागी घ्यावी लागली. शंभर डाव्या बाह्या कामी आल्या. उरलेल्या शंभरांतून खिसे आणि कॉलर निघाले.

मालकांनी त्याच दिवशी नियम केला की आखणी झाली की काकांनी बघायची आणि मगच कापडाला कापायचं मशीन लावायचं. दुसऱ्या दिवशी, तिचा विसरलेला डबा द्यायला मी पुन्हा गेले, तेव्हा ते चाललं होतं. जाऊबाई कापायचं मशीन हातात धरून उभ्या. काका कागदावर वाकलेले. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली, आपला उजवा हात आखलेल्या बाहीवर आडवा ठेवला, बघितलं, उचलला, आणि पुढच्या बाहीवर ठेवला. घाई नव्हती त्यांना. एकूण सोळा बाह्या होत्या.

पाचवीपाशी त्यांनी मान वर करून विचारलं, "ही उजवी. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं म्हणून मी मानणार नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात ठेवला.