सातशे चाळीस माणसं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. तुम्ही इनासकाकांना ओळखत नाही म्हणून असेल — की मला ओळखत नाही म्हणून?

कुठून सुरू करू? बी.कॉम. झाल्यावर तीन महिने मी वसई स्टेशनजवळ नयनाताईंच्या ऑफिसात शिकायला जायचे. ऑफिस म्हणजे मिठाईच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर. ताई आधी लग्नपत्रिका करायच्या. इंटरनेट आलं तसं त्यांनी वेबसाइटचं मनावर घेतलं. फोटो हलका कसा करायचा, पान कसं मांडायचं, नेटवर कसं चढवायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. मराठी अक्षरं तेव्हा समोरच्याच्या कॉम्प्युटरवर दिसतीलच याचा भरवसा नसे, म्हणून मथळ्याचंही चित्र करून लावायचो. मला त्या कामाचं वेड लागलं होतं. हे तरी खोटं नाही.

प्रमाणपत्र हवं तर एक साइट एकटीने करायची आणि गिऱ्हाइकाचं पत्र आणायचं, अशी ताईंची अट होती. माझं गिऱ्हाईक म्हणजे वसईजवळच्या सांडोर गावचे इनासकाका. साठी ओलांडलेले, केळीची बाग, सायकलवरून यायचे. घरी त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. दरवर्षी ते राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत आणि त्यांची सुकेळी करत, आईने शिकवली तशी. थोडीच, नात्यात आणि चर्चमधल्या ओळखीत वाटण्यापुरती. बाकीचे घड व्यापारी नेई. आखातातल्या पुतण्याने कळवलं होतं, आता लोक कॉम्प्युटरवर बघून माल मागवतात. म्हणून ते आमच्याकडे आले.

पान छान झालं होतं. त्याच्या तळाशी काउंटर लावला — किती जणांनी पान पाहिलं याचा आकडा. आठवड्याने काका आले तेव्हा तिथे अकरा होते. अकराही वेळा पान मीच उघडलं होतं. रंग बदलला की बघ, फोटो सरकवला की बघ.

"अकरा माणसांनी माझी बाग पाहिली?" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "येशूचे शिष्य बारा होते, पोरी. एकच कमी!"

तेव्हाच सांगायचं होतं ना? काका, ती अकरा माणसं मीच. एवढंच वाक्य. मी हसले. त्यांचा चेहरा बघून जीभ रेटली नाही — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्यांच्याकडून पत्र घ्यायचं होतं, हेही डोक्यात होतंच. आधी काय आलं, दया की पत्र? खरंच सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आकडा चौदा. काउंटर किती आकड्यापासून सुरू व्हावा, ते आपल्यालाच टाकता येतं, हे मला एव्हाना कळलं होतं. काका जिना चढत होते. मी साठ टाकले. मग एकशे ऐंशी. मग — मग सवय झाली. काका घरच्या कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवत, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर चारचौघांत सांगत. एकदा नयनाताईंनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यांना कळलं होतं का? कळलं असलं तरी त्यांच्यावर ढकलत नाही.

पत्रात काकांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "या मुलीने केलेल्या पानामुळे माझी बाग सातशे चाळीस माणसांनी पाहिली." त्या पत्रावर मला प्रमाणपत्र मिळालं. तेच पत्र दाखवून अंधेरीत नोकरीही मिळाली.

नोकरीचे पेढे द्यायला सांडोरला गेले. अंगणभर चटया, चटयांवर सोललेली केळी. काकांनी त्या वर्षी व्यापाऱ्याला परत पाठवलं होतं. काकी फोनजवळ बसून होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या, ऑर्डर येईल म्हणून. काकांनी तयार झालेलं एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं. सोललेली केळी आता परत सालीत थोडीच जाणार आहेत, असं मनाशी म्हटलं. पण अर्धे घड अजून झाडावर होते. मी ते पाहिले होते. व्यापाऱ्याला त्या दिवशीही बोलावता आलं असतं. मी काकींना पेढा दिला आणि रिक्षा पकडली.

फोन आला नाही. मे संपता संपता हवा दमट झाली आणि सुकेळ्यांना बुरशी धरली. काकांनी बागेतच खड्डा करून ती पुरली, असं नंतर ताईंकडून कळलं.

तीन-चार वर्षांनी काका वसईच्या बाजारात भेटले. मी कपाळकरंटी, सवयीने विचारलं, यंदा सुकेळी केली का?

"सोडलं ते," काका म्हणाले. "घरच्यापुरतीसुद्धा करत नाही. सातशे चाळीस माणसांनी पाहिली, पोरी, एकालाही घ्यावीशी वाटली नाहीत. माझ्याच हातात काहीतरी कमी असणार. आई करायची ती वेगळीच."

राग नाही, टोमणा नाही. मी म्हटलं, "नाही हो काका, चांगली असायची." पाहुणे जेवण चांगलं झालं म्हणतात तेव्हा हसावं तसे ते हसले. मग काकींसाठी घेतलेली मासळीची पिशवी सायकलला अडकवून निघाले. हाक मारण्याइतके जवळ होते. मी कोथिंबीर निवडत उभी राहिले.

काका आता नाहीत. पत्र माझ्या कपाटात आहे.

त्या सातशे चाळीसांत त्यांच्या हातचं सुकेळं खाल्लेलं माणूस एकच होतं, मी. ते सुकेळं फार चांगलं होतं. पण हे त्यांना पटायचं तर आधी तो आकडा खोटा असल्याचं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.