वेगाचा काटा

मित्राच्या दोन आसनी विमानात वेग दाखवणारं नवं मीटर बसवायला मी गेलो, तेव्हा पाऊस सरला होता आणि कलमांना मोहोर यायचा होता. तो आंबा बागायतदार, मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला. विमानातलं मला ओ का ठो कळत नाही, पण माझ्या हातचा स्क्रू ढिला राहत नाही, एवढ्यावर त्याचा विश्वास.

जुनं मीटर हवेत असतानाच बंद पडलं होतं. इंजिनाच्या आवाजावरून वेगाचा अंदाज घेत तो दाभोळच्या खाडीवरून परत आला, सड्यावरच्या, कातळमाळावरच्या धावपट्टीवर कसाबसा उतरला आणि पुन्हा त्यात बसला नाही. पुण्याचं एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं. नवा काटा चालला तर उडायचं, नाहीतर विमान देऊन टाकायचं. मला हे अजिबात पटलं नव्हतं. विमान विकून हा माणूस दिवसभर करणार काय?

मीटर बसवून झालं. पंखाखाली एक बारीक नळी असते. समोरची हवा तिच्या तोंडातून शिरते, तिच्या जोरावर काटा हलतो. त्या तोंडाला रबरी नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक दाबून हळूहळू गुंडाळत आणायचं, की काटा चढला पाहिजे. मी गुंडाळत राहिलो. काटा ढिम्म.

पुन्हा सगळं उघडलं. जोड घट्ट होते. मित्र स्टुलावर बसून हत्यारं पेटीत भरू लागला, आणि मला त्याचा भयंकर राग आला. मी अजून हरलो नव्हतो, हा आधीच हरून मोकळा.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. विमान विकावं असं त्यांनाच जास्त वाटतंय, असं मी धरून चाललो होतो. त्या पंखाखाली वाकल्या आणि सकाळी पूजा कुठे कुठे केलीत, असं नवऱ्याला विचारू लागल्या. आमच्याकडे नवा पंप असो की होडीचं इंजिन, गंध-फूल वाहिल्याशिवाय बटण दाबत नाहीत. ते त्याने मी यायच्या आधीच उरकलं होतं. मीटरला, नाकावरच्या पंख्याला आणि त्या नळीच्या तोंडालाही चांगलं बोटभर गंध. चंदन आत सुकून बूच बसलं होतं.

"मेल्या, हवा शिरायच्या जागी गंध फासायला कोणी सांगितलंन तुला?" मी ओरडलो.

"भीती वाटत होती रे," तो म्हणाला.

माझा राग कुठच्या कुठे गेला. मीटरकडची जोडणी सोडवून आम्ही चंदन भिजवून काढलं, नळी स्वच्छ केली, पुन्हा जोडली. या वेळी काटा थरथरला, चढला आणि मी रबर धरून ठेवलं तसा तिथेच थांबला. तपासून सही देणारा इंजिनिअर कोल्हापूरहून निघाला होता, घाट उतरून पालीला पोचल्याचा त्याचा फोन आला. मित्र रिकाम्या कॉकपिटकडे बघत नुसता हसत होता.

वहिनी फोन घेऊन काजूखाली गेल्या. इंजिनिअरच्या जेवणाचं घरी सांगत असतील, असं मला वाटलं. पण पलीकडे पुण्याचं गिऱ्हाईक होतं.

"तुम्ही येऊ नका," त्या सांगत होत्या. "विमान द्यायचं नाही. मला अजून बसायचंय त्यात."